चांगूबायचा धूर

आमच्या गावात बाईला दिवस गेले असं कोणी म्हणत नसे. "तिला धूर लागला," म्हणत. परक्या माणसाला वाटे, चूल फुंकताना बाईच्या डोळ्यांत धूर गेला असेल. आम्हा पोरांना मात्र बरोबर कळे. धूर लागला म्हणजे घरात पाळणा येणार, आणि पाळण्याच्या आधी चांगूबाय येणार.

चांगूबाय आमची शेजारीण आणि गावची सुईण. मांडव्याहून अलिबागकडे निघालं की उजव्या हाताला खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. अर्धं आगऱ्यांचं, अर्धं कोळ्यांचं. आम्ही आगरी, मिठागरावर राबणारे; ती कोळीण. तिच्या आमच्या घरांना मिळून एकच अंगण होतं. त्यात आमचं भात वाळे आणि तिचे बोंबील वाळत, आणि त्या वासावरून माझ्या आईचं नि तिचं वर्षाला एकदा तरी वाजे. एरवी दोघी जिवाभावाच्या. बाळंतपणाला चांगूबाय निघाली की आई तिच्या हाताखाली जायची.

मी त्या गावातला पहिला बी.ए. कोणी विचारलं नाही तरी हे मी सांगतो, कारण माझा बाप मिठाच्या टोपल्या वाहून मेला आणि मरेपर्यंत कागदावर अंगठाच उठवत राहिला. शिकल्यासवरल्या माणसाने एका विडी ओढणाऱ्या सुइणीवर काय म्हणून लिहावं, असं कोणाला वाटेल. वाटू दे. लहानपणी मला ज्या माणसांची भीती वाटली त्यांतली बहुतेक पुढे साधीच निघाली. हिची भीती मात्र वय वाढलं तशी वाढली, म्हणून लिहितो.

ती अंगाने ठेंगणी आणि काटक होती. हात मात्र त्या अंगाचे वाटत नसत; लांब बोटांचे, रुंद पंजाचे, जसे दुसऱ्या कोणाचे मागून आणलेले. बोलणं खणखणीत. पाटलालासुद्धा ती भर चावडीवर "काय रं बाला" म्हणायची, कारण त्याची नाळ तिने कापली होती. पाटील मिशीला हात लावून गप्प बसे. तिच्या कमरेला कुड्याच्या पानांत वळलेल्या विड्यांचा जुडगा खोचलेला असे. समुद्रावरच्या वाऱ्यात विझू नये म्हणून ती विडी मुठीत धरून ओढी, आणि बोलताना त्या मुठीतून धूर येत राही. मला वाटायचं, हिच्या हातातच काहीतरी जळतंय.

बाईला तिसरा महिना लागला की चांगूबाय दुपारची त्या घरी जाई. बाईला ओट्यावर समोर बसवी. एक विडी पेटवून पहिला झुरका स्वतः घेई आणि मग ती तिच्या हातात देई.

"वड. खोकू नको."

पोरगी हमखास खोके. डोळ्यांतून पाणी येई. जमलेल्या बायका हसत. कोणी म्हणे, "न्हवऱ्याची चोरून वडलीस ती बरी उतरली गो." चांगूबाय हसत नसे. "रोज जेवल्यावर वडायची. पोर हलकं ऱ्हाईल, नि तू सुटशील," एवढं सांगून ती उठे. पहिले काही दिवस त्या पोरीला ओकाऱ्या येत. मग त्या थांबत, भूकही मंदावे, आणि हात आपोआप विडीकडे जाऊ लागे. पाचव्या महिन्यानंतर कोणाला सांगावं लागत नसे.

'हलकं' हा चांगूबायचा सगळ्यांत मोठा शब्द. आलेलं पोर दोन्ही पंजांत उचलून ती आजूबाजूच्या बायकांना दाखवी. "बग, कसं हलकं. मांजरीच्या पिलागत आलं. आयसला कल बी आली न्हाय." आणि ते खरं होतं. तिच्या हाताखाली बाई अडल्याचं गावाने ऐकलं नव्हतं. खाडीपलीकडच्या गावांतून तिला न्यायला होड्या येत.

तिच्या डोक्यात हे कुठून आलं, ते तिनेच एकदा सांगितलं. मी इंग्रजी चौथीत असेन. आई आणि ती सुकट निवडत बसल्या होत्या आणि मी पुस्तक घेऊन ओटीवर होतो.

"माजी भईन व्हती, येसू. माज्यापेक्षा थोरली," ती म्हणाली. "अंगानं माज्यासारकीच, एवरीशी. न्हवरा मोठ्या होडीवाल्याचा. त्यांनी तिला खाऊ घालू घालू पोर वाढवलं. डोकं आडलं गो. मी दिवा धरून उभी व्हते. दोन दिस वरडली. मंग वरडायची थांबली, तवा मना वाटलं सुटली. तं ती तशी सुटली व्हती."

आईच्या हातातली सुकट तशीच राहिली.

"तवापास्नं म्हंतंय, पोर मोठं नको. मेलं तं दुसरं व्हईल. आयस कुठनं आनाल?"

हे मी मुद्दाम तिच्या शब्दांत लिहिलं. ती दुष्ट नव्हती, आणि अडाणी म्हणून सोडून द्यावं असंही नव्हतं. तिने एक मरण जवळून पाहिलं होतं, आणि त्याला दाराबाहेर ठेवायला ती दुसऱ्या मरणाला आत घेत होती. ते दुसरं कोण, हे तिला दिसत नव्हतं, इतकंच.

कारण ती हलकी पोरं टिकत नसत. सगळी नव्हे, पण आमच्या गावात फार. रडली तर आवाज भिंतीपलीकडे जात नसे. ओठ निळसर. छातीला लावलं तर दोनदा ओढून झोपी जात. काही तर आली तीच निपचित. पाचवीची पूजा होईपर्यंत घरातलं कोणी मोठ्याने बोलत नसे, आणि सकाळी एखाद्या घरातून हुंदका ऐकू आला की बाया नुसत्या म्हणत, "सटवीनं नेलं." सटवीचा इतका धाक मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिला नाही. बाळंतिणीच्या खोलीवरून जाताना आम्ही पोरं श्वास कोंडून पळायचो.

आमच्या घरातलंही सांगतो. माझ्या वेळी आई नऊ महिने माहेरी, पेणच्या बाजूला होती. तिथे हा धूर नव्हता. मी दणकट आलो. चांगूबाय मला लाडाने "दगड" म्हणायची. "आयसला मारायलाच निघाला व्हतास रं," असं पाठीत धपाटा घालून म्हणायची. माझ्या पाठची दोघं तिच्या हातावर आली. दोन्ही हलकी. दोन्ही गेली. एकट्या धुरानेच गेली असं मी आजही छातीठोक म्हणणार नाही. पेजेवरचं पोट होतं, ताप होता, मिठागरावरचं राबणं होतं. पण जी बाई पेज पिऊन राबते, तिच्या पोटातल्या जिवाच्या वाटणीचंही धुराने खाल्लं, एवढं मला पुढे कळलं.

चांगूबायच्या मनात पहिली शंका घातली ती गोमाच्या घराने. गोमा मिठागरावरचाच. त्याने गळ्यात माळ घातली आणि घरातून मासळी, ताडी, तंबाखू सगळं बाहेर काढलं. गावाने त्याला "गवत्या" म्हणायला सुरुवात केली. त्याच्या थोरल्या सुनेला दिवस गेले तेव्हा चांगूबाय जुडगा घेऊन गेली. गोमा दारात हात जोडून उभा राहिला.

"बाय, तू ये, बस, पानी पी. पन ह्ये आमच्यात चालत न्हाय."

"पोर वाढंल तं आडंल."

"आडलं तं देव हाय."

"मंग देवालाच बोलव सुईन म्हून," असं म्हणून ती परत फिरली. कळा आल्यावर मात्र बोलावलं तशी गेली. शिव्या देत गेली, आणि पोर हातात घेतल्यावर गप्प झाली. पोर जड होतं. बाई नीट सुटली होती. पोराचं रडणं विहिरीवर ऐकू आलं. गावाने म्हटलं, चुकून झालं. पुढच्या साली धाकट्या सुनेचंही तसंच झालं.

त्या दिवशी चांगूबाय आमच्याकडे आली आणि विडी न पेटवता बसली. असं मी तिला प्रथमच पाहत होतो.

"त्या घरात मासली न्हाय, तूप न्हाय," ती आईला म्हणाली. "आपल्यावानीच पेज. मंग पोरं कशापायी जड?"

आई उठून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता रखमीचं. रखमी ही चांगूबायची एकुलती लेक. जावई मुंबईला आगबोटीवर खलाशी, म्हणून ती आईकडेच राहायची. अंगलट सगळी त्या मेलेल्या मावशीची, अरुंद, पोरसवदा. तिची दोन पोरं आईच्याच हातांवर आली होती आणि पाचवीच्या आत गेली होती. दोन्ही वेळा चांगूबाय म्हणाली होती, "पोरगी तं वाचली." मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या उन्हाळ्यात मी कॉलेजातून सुटीवर आलो तेव्हा रखमीला तिसऱ्यांदा धूर लागला होता. चांगूबाय मला अंगणात गाठून म्हणाली, "दगडा, तू एवरी बुकं वाचतंस. धुराचं काय लिवलंय त्यात?"

"माझ्या बुकांत इतिहास आहे चांगूबाय. बाळंतपणं नाहीत."

"राजं काय झाडाला लागलं व्हतं?"

मी तिला अलिबागला नेलं. बाजाराजवळ एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. खुर्चीवर बसायला ती तयार होईना, खालीच बसली. डॉक्टर स्वतः सिगारेट ओढत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली सिगारेट जराशा संकोचाने विझवली.

"वडा, वडा," चांगूबाय म्हणाली. "तुमाला कुठं बालंत व्हयाचंय."

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "बाई, छापील पुरावा विचारशील तर माझ्यापाशी नाही. माझा संशय आहे. आईच्या रक्तात जे जातं ते पोराकडेही जातं. तू म्हणतेस धुराने पोर लहान राहतं. राहत असेल. पण का राहतं? आत त्याची उपासमार होते म्हणून. तू त्याला हलकं म्हणतेस, मी त्याला अपुरं म्हणतो."

तिने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "आनि न्हाय दिला धूर, नि पोर वाढून आडलं तं?"

"तर इथे घेऊन ये. वेळेवर आण म्हणजे झालं."

"येलंवर म्हंजे कवा?"

"कळा लांबताहेत असं वाटलं की थांबू नकोस," एवढंच ते म्हणाले. परत येताना कमरेचा जुडगा तिने वाटेत कुठे टाकला, ते मी पाहिलं नाही. घरी उतरली तेव्हा तो नव्हता.

पुढचे महिने त्या घरात कसे गेले ते मला आईने सांगितलं. रखमीला विडीशिवाय राहवेना. डोकं धरून बसायची, आईला वाटेल ते बोलायची. एकदा वाळत टाकलेल्या बोंबलांच्या वळईमागे ओढताना सापडली. चांगूबायने विडी काढून घेतली.

"तूच लावलीस ना गो?" रखमी ओरडली. "दोन येला तूच हातात दिलीस. आता माज्या हातनं काढतंस?"

"व्हय, मीच दिली."

"मंग आता काय झालं?"

"आता मना भ्या वाटतंय," चांगूबाय म्हणाली. आईने ते ऐकलं. इतक्या वर्षांत त्या बाईच्या तोंडून तो शब्द तिने कधी ऐकला नव्हता.

गावात कुजबुज सुरू झाली, मग उघड बोलणं. विहिरीवर बायका तिला ऐकू जाईल असं म्हणत. "आमच्या पोरींना धूर, नि सोताच्या लेकीला दूद." ती इतर गरोदर बायांकडेही सांगत गेली की विडी सोडा. काहींनी दार लावून घेतलं. सोनाय नावाची एक कोळीण होती, तिची तीन गेलेली. तिने विचारलं, "का सोडायची? काय झालंय विडीला?" चांगूबाय उंबऱ्यावरून परत फिरली. उत्तर दिलं असतं तर काय दिलं असतं? त्या उत्तरात सोनायची तिन्ही पोरं होती.

इकडे रखमीचं पोट वाढत होतं. चांगूबाय रोज सकाळी पोटावर पंजा ठेवून पाही, आणि पंजा उचलताना तिचं तोंड पांढरं पडे. पोर वाढतंय याचा आनंद आणि पोर वाढतंय याची धास्ती एकाच पंजाखाली. आई म्हणायची, ती जेवेनाशी झाली होती. येसू, येसू, असं झोपेत बरळायची.

दिवाळीच्या सुटीत मी घरी आलो आणि दोनच दिवसांनी, पहाट उलटल्यावर, रखमीच्या कळा सुरू झाल्या. चांगूबाय आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि अंगणातल्या उखळावर बसली.

"तू जा," ती आईला म्हणाली. "माजं हात चालत न्हाय."

आम्ही पाहिलं. ते रुंद पंजे तिने मांडीवर उताणे टाकले होते. एवढ्या गावाची बाळंतपणं केलेली बाई स्वतःच्या लेकीला हात लावू शकत नव्हती. आई एकटी आत गेली. चांगूबाय बाहेरून विचारी, आई आतून सांगे. ऊन अंगणभर झालं. रखमीचं ओरडणं आधी दमदार होतं, मग चिरकं झालं. चांगूबायने कान झाकले नाहीत. उलट प्रत्येक ओरडीला ती मान हलवी, जसं काही ते ऐकू येतंय तोवर ठीक आहे.

आणि मग ओरडणं थांबलं.

ती उठली. मला म्हणाली, "गाडी जुंप." आवाज इतका हळू होता की मला दोनदा विचारावं लागलं. मी बैलांकडे धावलो. हातात जू धरलं होतं आणि गाठ बसत नव्हती. तेवढ्यात घरातून रडणं आलं. बाळाचं. जाड, रागावलेलं, भिंती ओलांडून येणारं. चांगूबाय वळली नाही. ती अजून दुसऱ्या आवाजाची वाट पाहत होती. मग रखमीचा आवाज आला, पाणी मागणारा. तेव्हा ती होती तिथेच, मातीत बसली.

मुलगी झाली होती. रखमीला खूप फाटलं होतं, महिनाभर उठता आलं नाही, पण वाचली. डॉक्टरांनी मागाहून येऊन टाके घातले.

पाचवीच्या दिवशी बायका बाळ बघायला आल्या. सोनायही आली. तिने मुलीला उचललं आणि हातांत जरा खालीवर केलं, बाजारात मासळीचं वजन अजमावतात तसं. मग तिने चांगूबायकडे पाहिलं.

"जड हाय गो," सोनाय म्हणाली.

एवढंच. मुलीला रखमीच्या कुशीत ठेवलं आणि निघून गेली. चांगूबायने तिला हाक मारली नाही. त्या तीन शब्दांचा मला जो धाक बसला तो आजही आहे. शिवी दिली असती, छाती पिटली असती, तर बरं झालं असतं. त्यानंतर गावातल्या कितीतरी बाया आपापल्या घरी बसून मनाशी तेच वजन करत असणार. माझी आईसुद्धा.

चांगूबायने सुइणीचं काम सोडलं. लोक बोलवायला येत, ती जायची नाही. एखादी गरोदर पोरगी विडी ओढताना दिसली तर मात्र रस्त्यात, बाजारात, कुठेही तिच्या हातातून काढून घ्यायची आणि शिव्या खायची. काही बायांनी सोडली. पुष्कळांनी नाही. 'धूर लागला' हा शब्द मात्र हळूहळू गावातून गेला. कोणी ठरवून टाकला नाही; तो उच्चारताना बायकांची जीभ अडखळू लागली, इतकंच.

मी तिला शेवटचं पाहिलं ते मांडव्याच्या धक्क्यावर. तोवर मी मुंबईला मास्तर झालो होतो आणि लाँचची वाट पाहत होतो. दुपारची वेळ होती. धक्क्यावरच्या सावलीत ती बसली होती, फार वाळली होती. मांडीवर नात झोपली होती, सात-आठ वर्षांची, अंगाने भरलेली. पाय आजीच्या मांडीवरून पार खाली लोंबत होते. मला पाहून ती म्हणाली, "बाप्साला भेटवायला मुंबयला नेतंय, फुडच्या लाँचनं." मग माझ्याशी बोलता बोलता तिने हाताची पाठ मुलीच्या नाकापुढे धरली. थांबली. हात काढला. मी मुंबईचं काहीबाही सांगत होतो. ती "व्हय, व्हय" म्हणत होती, आणि पुन्हा तो हात नाकापुढे गेला. लाँच लांबून दिसू लागली. पुन्हा हात गेला.

मुलीने डोळे न उघडता तो हात बाजूला सारला.

"आजे, जित्ती हाय गो मी," ती वैतागून म्हणाली. "झोपू दे."

"झोप, बाय, झोप," चांगूबाय म्हणाली. तिने हात मांडीखाली दाबून धरला. मी लाँचमध्ये चढून मागे वळून पाहिलं, तेव्हा तो पुन्हा बाहेर आला होता.